दुसऱ्याच्या नटाला पाना

मामाजी, तुमची गाडी मी विकू दिलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. तुमची सवयच होती तशी. कोणी काही सांगायला बसलं की तुम्ही आधी विचारायचा, "झालं काय शेवटी, थे सांग. मंग बाकीचं आयकतो." तर शेवटी झालं ते असं की गाडी शेडमध्ये उभी आहे आणि सोमवारपासून मी तिच्यातूनच कॉलेजला जाते आहे. आता बाकीचं ऐका. यात तुमच्याशी भांडण आहे, आणि ते मी तुम्ही गेलात म्हणून सोडणार नाही.

तुम्ही शेडमध्ये गेलात, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या. मी चहा घेऊन आले तेव्हा मांडीवर मीटर होतं, खाली वही पडलेली होती आणि डिकीचं झाकण उघडं होतं. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. गावाला ते पटलं नाही. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बायका बोलत होत्या, "ब्याटरीनं घेतला बापा म्याडमच्या सासऱ्याले. तिच्यातून ग्यास निघते म्हंते." चार्जरची पिन त्या वेळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. मी स्वतः पाहिली आहे. पण खिळ्याला टांगलेल्या पिनेची साक्ष कोण ऐकणार?

तुमच्या वहीत त्या महिन्याचे अकरा सेलांचे व्होल्ट लिहिलेले होते. बाराव्यापासून पुढची ओळ कोरी. तुम्हाला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, मी मीटर घेऊन शेडमध्ये गेले आणि उरलेले तेरा सेल मोजून ती ओळ पूर्ण केली. प्रशांत मागोमाग आला. तुमचा मुलगा माझ्यावर सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "लोकं भेटाले येऊन राहिले अन् तू अठी काय करून राहिली?" मी म्हटलं, "बाबांचं काम पुरं करून राहिली." तो डोळे पुसत परत गेला. सतरा नंबरचा सेल त्या दिवशी बाकीच्यांइतकाच होता, तीन पॉइंट दोन नऊ. मी तो आकडा लिहिला आणि पुढे गेले. बारावीच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवणारी बाई तो आकडा लिहून पुढे गेली, हे लक्षात ठेवा. त्याची लाज मला पुढे वाटायची आहे.

ही गाडी तुम्ही का केलीत हे गावात कोणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, रिटायर माणसाला चाळा. मला खरं कारण माहीत आहे. पावसाळ्यात एकदा माझी दुपारची बस आलीच नाही आणि मी फाट्यावर तीन तास उभी राहून, भिजून, तापानं फणफणून घरी आले. तुम्ही त्याच आठवड्यात भंगारातून ती आठशे सीसीची पांढरी गाडी आणलीत, इंजिनाशिवाय, बॅटरीवर चालवायला. म्हणालात, "सून का बसच्या भरोशावर नोकरी करन? तीस वर्षं म्या बसाच सुधारल्या. मले मालूम हाय त्यायचा भरोसा." डेपोतल्या माणसानं बसबद्दल असं बोलावं याचं मला हसू आलं होतं. तुम्ही मात्र गंभीर होतात. जिल्हा एकच होता तेव्हा गोंदियाच्या डेपोत आणि जिल्हे वेगळे झाल्यावर साकोलीत, तुम्ही आयुष्यभर बसच्या वायरिंगमध्ये हात घातलेला. लिथियम सेल पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तुम्ही त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठून टाकतेत याच्यात?" तिथून सुरुवात होती आपली.

आणि पहिला बॅटरी-पॅक तुम्हीच मारलात. हे मी चारचौघांत कधी बोलले नाही, आज बोलते. नागपूरच्या लग्नाला आपण सगळे उन्हाळ्यात तीन आठवडे गेलो. निघताना तुम्ही पॅक पूर्ण भरलात आणि वर चार्जर तसाच लावून ठेवलात. मी म्हटलं होतं, "मामाजी, हे सेल निम्मे भरून ठेवायचे असतात. भर उन्हात, टिनाखाली, भरलेले ठेवले तर खराब होतील." तुम्ही म्हणालात, "गावाले जाताना घरातला गुंड भरून ठेवा लागते. रिकाम्या गुंडाच्या घरात वापस येऊ नोय." सासूबाई तसं करायच्या. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, तरी प्रवासाला निघताना पाण्याचा गुंड तुम्ही स्वतः भरायचात. ज्या माणसानं घरात कधी दृष्ट काढू दिली नाही, लिंबू-मिरची टांगू दिली नाही, मांजर आडवं गेलं म्हणून पाऊल थांबवलं नाही, तो माणूस सेलांना गुंडाचा नियम लावत होता. परत आलो तेव्हा सेलांची पोटं फुगलेली होती, टम्म. मग शेडच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलंत, "गुंड भरा. सेल निम्मे." ते अजून तसंच आहे. मी त्यावर चुना लावू देणार नाही.

दुसरा पॅक आपण दोघांनी मिळून बांधला. चोवीस सेल, एकाला एक पट्टीनं जोडलेले. एक ते बारा तुमचे, तेरा ते चोवीस माझे. पाना पहिल्यांदा माझ्या हातात दिलात तेव्हा तुम्ही म्हणालात, "याचे आटे मऊ रायतेत. जास्त आवळशीन त सेलच गेला. हाताले समजते, थांब म्हणते थो नट, तवा थांबजो." तुमच्या हाताला समजत होतं. तीस वर्षं त्या हाताला नट सांगत आले होते. माझ्या हाताला कोणत्याच नटानं तोवर काही सांगितलेलं नव्हतं. आटे जातील या भीतीनं मी प्रत्येक नटाला जरा आधीच थांबत होते. झाल्यावर मी म्हटलं, "माझे एकदा तपासून बघा." तुम्ही पाना कपड्यानं पुसून पेटीत ठेवलात. म्हणालात, "डेपोत एक कायदा होता. दुसऱ्यानं कसलेल्या नटाले पाना लावाचा नाई. लावला म्हंजे त्याले सांगतलं, तुले येत नाई."

मी त्या दिवशी केवढी फुलले होते, तुम्हाला कल्पना नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माझ्या पोळ्या, माझं धुणं, माझं लुगडं नेसणं, सगळं कोणी ना कोणी तपासलं. तुम्ही माझे बारा नट तपासले नाहीत. त्या रात्री मी प्रशांतला दोनदा तीच गोष्ट सांगितली.

मग सतरा नंबरनं छळायला सुरुवात केली. सपाट रस्त्यावर गाडी छान चालायची. चढ आला, पुलावर चढायचं झालं की सतराचा व्होल्ट एकदम खाली जायचा आणि सगळ्या सेलांवर नजर ठेवणारं ते छोटं सर्किट, बीएमएस, गाडीच बंद पाडायचं. तेवीस सेल ठणठणीत आणि एकासाठी सगळे थांबलेले. मी म्हणायचे, सेल बदलू या. तुम्ही म्हणायचा, "एक कमजोर निंगाला म्हून फेकाचा का त्याले? त्याच्या मानानं चालवा गाडी." मोटरला मिळणारा करंटच तुम्ही कमी करून टाकलात. गाडी दमेकऱ्यासारखी चालू लागली. पॅक निम्म्यावर आला की तेवढ्या करंटलाही सतरा बसायचा, म्हणून कारध्याला आत्याबाईंकडे, म्हणजे तुमच्या बहिणीकडे, जायचं तर तिथे चार तास चार्ज केल्याशिवाय परतीची सोय नाही. त्यांनी ओसरीत आपल्यासाठी खास बोर्ड बसवून घेतला होता. या सेलवरून आपण दोन वर्षं भांडलो. "पावसाळा होऊन जाऊ दे, मंग पाहू," हे तुमचं शेवटचं उत्तर होतं. पावसाळा झाला. तुम्ही थांबला नाहीत.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले आणि प्रशांतनं विषय काढला. नागपूरचा एक माणूस जुने सेल विकत घेतो, त्याच्याशी तो फोनवर बोललाही होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "बाबा तिच्याजवळ गेले, सुजाता. उद्या तू पण त्या डब्यात बसून जळशीन. मले नाई पायजे थे गाडी. मले थे डोळ्यासमोर नाई पायजे." भीती खोटी आहे असं मी सांगू शकले असते, दुःख खोटं आहे असं कसं सांगणार? मी त्याला त्या माणसाला बोलावू दिलं. त्याची मला आता चीड येते.

त्यानंतर दहाव्या दिवशी तो माणूस आला. सभ्य होता, मोबाइलवर बीएमएसमधल्या, गाडी बंद पडतानाच्या जुन्या नोंदी बघून म्हणाला, "तेवीस अच्छे हैं मॅडम. सत्रह नंबर निकाल के रख दो, वो मैं नहीं लूंगा." म्हणजे ज्याला तुम्ही दोन वर्षं सांभाळलंत त्याला मी माझ्या हातानं काढून कोपऱ्यात टाकायचं, आणि बाकीचे टेम्पोत. तुमची पेटी उघडली. दहाचा पाना काढला. त्याची गरजच पडली नाही. सतराचा नट बोटांनी फिरला.

बोटांनी, मामाजी. नट माझा होता.

पट्टी काढली तर खालून काळी पडलेली. सेलला काहीही झालेलं नव्हतं. गाडी उभी असताना तो सगळ्यांसारखाच असायचा, चढावर करंट वाढला की त्या सैल जोडावर व्होल्ट मरायचा आणि बिचाऱ्या सतराच्या नावावर लागायचा. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आकृती काढते, पोरांकडून पाठ करून घेते. सेल खराब नसतो, जोड खराब असतो, हे परीक्षेत विचारलं तर माझी पोरं लिहितात. मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही, कारण तो जोड मी केला होता आणि तुम्ही तो न तपासता पास केला होता.

आणि तुम्ही? तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? तुमच्या वहीत दर महिन्याला सतरापुढे पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह आहे. मला वाटायचं ते सेलबद्दल आहे. बसच्या इंजिनात नुसता कान लावून वायर कुठे तुटली ते सांगणारा माणूस, त्याला काळी पडणारी पट्टी दिसली नाही? गरम लागली नाही? मला वाटतं तुम्हाला शंका होती. सुनेच्या नटाला पाना लावायचा नाही म्हणून तुम्ही गाडीचा करंट कमी केलात, चार-चार तास आत्याबाईंच्या ओसरीत बसून राहिलात, माझ्याशी दोन वर्षं खोटं भांडलात आणि प्रश्नचिन्ह वहीत ठेवून निघून गेलात. एकदा विचारलं असतंत, "सुजाता, तुहा नट पाय बरं," तर मी काय मेले असते? रडले असते थोडी. पाना हातात घेऊन रडत रडत आवळला असता.

त्या जोडानं आग लागू शकली असती. बोडीच्या पाळीवरच्या बायका अगदीच चूक नव्हत्या, हे मला गिळावं लागलं. लिथियमला दोष देत होत्या तेवढंच चूक. दोष तुमच्या-माझ्या मानपानाचा होता. तुम्ही मला मान दिलात म्हणून मी तुमची जन्मभर ऋणी आहे, आणि मान म्हणजे न तपासणं असं तुम्ही मला शिकवलंत म्हणून माझा तुमच्यावर राग आहे. दोन्ही खरं आहे. यातलं एक सोडा असं मला कोणी सांगू नये.

नागपूरच्या माणसाला मी चहा पाजला आणि परत पाठवलं. प्रशांत संतापला. मी त्याला पट्टी दाखवली, काळी बाजू वर करून. सगळं सांगितलं, नट कोणाचा होता तेही. त्यानं ती पट्टी हातात घेतली. म्हणाला, "म्हंजे खतरा होताच ना?" मी म्हटलं, "होता. माह्या हातचा होता. आता नाई." पट्टी नवी घातली, माझे बाराच्या बारा नट पुन्हा बघितले, बाकीचे अकरा घट्ट होते. मोटरचा करंट होता तसा पूर्ण केला. आणि त्याला म्हटलं, "उद्या कारध्याले चाल माह्यासंगं. आत्याबाईकडे चार्ज न करता वापस आणतो तुले. मधात बंद पडली त तूच फोन कर त्या माणसाले, म्या सोता सेल काढून देतो."

तो आला. संपूर्ण रस्ता दरवाज्याचं हँडल धरून बसला होता, तुमचा मुलगा. वैनगंगेच्या पुलावर चढताना तो माझ्याकडे बघत नव्हता, मोबाइलवर सतराच्या आकड्याकडे बघत होता. मी विचारलं, "काय म्हंते सतरा?" तो म्हणाला, "बाकीच्यायसारखाच हाय." पुलाच्या मध्यावर मी जरा आणखी दाबली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीनं पुलावर ट्रक मागे टाकला. तुम्ही असता तर ओरडला असतात, "हळू घे वो, हळू!" कोणी ओरडलं नाही. मला तेव्हा रडू आलं आणि मी गाडी हळू घेतली नाही.

आत्याबाई ओसरीतच बसल्या होत्या. गाडी दिसताच उठून त्यांनी बोर्डाची फळी पुसली. भावाची गाडी आली की आधी हेच काम. म्हणाल्या, "लाव बाई पिन, मंग बस." मी म्हटलं, "आज नाई लागत आत्याबाई." त्यांना ते समजेना. "काहून नाई लागत? थो त चार घंटे बसे अठी. त्या बहाण्यानं माह्याशी बोले." मग माझ्या लक्षात आलं की त्या चार तासांचा कोणाला तरी उपयोग होता. मी पिन लावली नाही, पण चार तास बसले. प्रशांतही बसला. तुमच्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या, त्यातल्या निम्म्या तुम्ही आम्हाला वेगळ्याच सांगितल्या होत्या.

परत आलो तेव्हा पॅकमध्ये चार्ज शिल्लक होता. प्रशांतनं शेडचं दार स्वतः उघडलं, भिंतीवरचं तुमचं खडूचं अक्षर वाचलं आणि विचारलं, "कितीवर ठेवाची?" मी म्हटलं, "निम्मी." त्यानं चार्जरची पिन खिळ्यावरून काढली. विकायचं तो पुन्हा बोलला नाही.

एवढ्यावर ही गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता माझ्या लक्षात आलं की मीही तेच केलं आहे. माझे बारा नट तपासले आणि तुमच्या बारांना हात लावला नाही. एक ते बारा मामाजींचे, त्यांना काय बघायचं, असं मनातही आलं नव्हतं, इतका तुमचा कायदा अंगात भिनला होता. त्याच भरवशावर मी तुमच्या मुलाला पुलावर घेऊन गेले होते. मी विळी बाजूला ठेवली, हात धुतले आणि शेडमध्ये गेले. डिकी उघडली. पाना हातात घेऊन तुमच्या पहिल्या नटासमोर मी किती वेळ उभी राहिले ते विचारू नका. मग मोठ्यानं म्हटलं, "राग आला असंन त या अन् सांगा."

तुम्ही आला नाहीत. मी लावला पाना. एक, दोन, तीन, सगळे दगडासारखे. आठ झाले. नवव्याला पाना लावला, आणि मामाजी, तो पाव फेरा फिरला.

मी तो आवळला. थांब म्हणेपर्यंत. या वेळी माझ्या हाताला कळलं. उरलेले तीनही बघितले आणि झाकण लावलं.

प्रशांत दारात उभा होता, चहाचा कप घेऊन. त्यानं विचारलं, "बाबाचे नट कसे हायेत?"

मी पाना पुसून पेटीत ठेवला आणि म्हटलं, "घट्ट."